शहराचा कचरा आणि शेजारचे गाव

शहरात रोज जमणारा केरकचरा कोठे तरी न्यावाच लागतो. ही जबाबदारी नगरसंस्थेची होय. १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली गेली, तीत घनकचऱ्याच्या व्यवस्थेचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु मोठ्या शहराच्या हद्दीत मोकळी जमीन क्वचितच उरते. म्हणून जागेचा शोध बहुधा हद्दीबाहेर, म्हणजे एखाद्या ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात होतो. कचरा एकाचा आणि जमीन दुसऱ्याची! पुण्यानजीकच्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांचे गाऱ्हाणे मराठी वाचकांस परिचयाचे आहेच. येथे केरळातील एक प्रकरण थोड्या विस्ताराने पाहू. तत्पूर्वी जागेची योग्यता कशावरून ठरते, हे समजून घेतले पाहिजे.

पहिला विचार पाण्याचा. आपल्याकडील शहरांच्या कचऱ्यात सुमारे निम्मा भाग उष्टेखरकटे, भाजीपाला, पालापाचोळा अशा कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. ढिगाच्या अंतर्भागात हवा पोहोचत नाही. तेथे हवेवाचून जगणारे सूक्ष्मजंतू हे पदार्थ कुजवितात व त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू उत्पन्न होतो. वरून पाऊस पडला की पाणी ढिगातून वाट काढीत खाली उतरते आणि जाता जाता आम्ले, क्षार व धातूंचे अंश बरोबर घेते. तळाशी बाहेर पडते ते काळसर, उग्र दर्पाचे द्रव. जमीन वालुकामय किंवा भेगाळ असेल, तर ते भूजलास जाऊन मिळते; आणि एकदा नासलेले भूजल पुन्हा शुद्ध होण्यास कित्येक वर्षे लागतात. यास्तव २०१६ च्या नियमांनी भरावाच्या तळाशी ९० सेंटिमीटर जाडीचा घट्ट मातीचा थर व त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे पटल घालण्यास सांगितले. भूजलाची सर्वोच्च पातळी या थराच्या निदान २ मीटर खाली असावी, अशीही अट घातली.

त्याच नियमांत अंतरेही दिली होती. नदीपासून १०० मीटर. तळे, महामार्ग, वस्ती व पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून २०० मीटर. आणि विमानतळापासून २० किलोमीटर. विमानतळाचे अंतर पाहून काहींस नवल वाटेल. त्याचे कारण पक्षी. कचऱ्यावर घारी व कावळे घिरट्या घालतात आणि उडत्या विमानाशी त्यांची टक्कर होऊ शकते.

आता ही अंतरे नकाशावर आखून पाहावी. एका विहिरीभोवती २०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले की साडेबारा हेक्टर जमीन बाद होते. केरळात खेडी सुटी सुटी नसून घरांची वस्ती सलग पसरलेली असते व पुष्कळ घरांच्या आवारात स्वतःची विहीर असते. अशा प्रदेशात वर्तुळे एकमेकांवर चढतात आणि नकाशावर मोकळा तुकडा मिळणे दुरापास्त होते. तिरुवनंतपुरमचा विमानतळ तर शहरालगत, समुद्रकाठी आहे. त्याच्या २० किलोमीटरांच्या वर्तुळाचा बराच भाग समुद्रात जातो, हे खरे. पण उरलेल्या भागात सगळे शहर व त्याच्या जवळपासची गावे येतात.

या तिरुवनंतपुरमचा कचरा २००० सालापासून विळप्पिल पंचायतीतील विळप्पिलशाला या गावी जाऊ लागला. कचऱ्यासंबंधीचे पहिले देशव्यापी नियमही त्याच वर्षी निघाले. गावात उभारलेला कारखाना खतनिर्मितीचा होता आणि कल्पना म्हणून ती उत्तमच होती. परंतु कारखान्याकडे येणारा कचरा निवडलेला नसे. प्लॅस्टिक, काच, चिंध्या यांपासून खत होत नाही. तो अवशेष आवारातच साठत गेला, त्यावर केरळचे दोन्ही पावसाळे कोसळले आणि घाण पाणी करमना नदीस मिळणाऱ्या ओढ्यात उतरू लागले. दुर्गंधीविषयी व विहिरींविषयी गावकऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. अखेर डिसेंबर २०११ मध्ये पंचायतीने कारखान्यास कुलूप ठोकले. पुढील वर्षी न्यायालयाच्या आदेशावरून, पोलीस बंदोबस्तात, दूषित पाण्याच्या शुद्धीकरणाची यंत्रसामग्री तेथे नेण्याचा प्रयत्न झाला. ती यंत्रे वस्तुतः गावाच्या हिताचीच होती. तथापि ती आली म्हणजे मागून कचराही येईल, या भीतीने लोक रस्त्यात आडवे आले. दहा वर्षांपूर्वी तीच यंत्रे आली असती, तर गावाने त्यांचे स्वागत केले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. अविश्वासाचे मोजमाप कोणत्याही नियमावलीत नसते. पण जागा नाकारली जाते ती पुष्कळदा त्यापायीच.

शहराची मोठी अडचण झाली. रस्त्यांच्या कडेला ढीग साचले, ठिकठिकाणी कचरा जाळला जाऊ लागला. मग महापालिकेने निराळा मार्ग धरला. ओला कचरा घरीच जिरविण्यासाठी नळ्या व लहान पात्रे देण्यात आली आणि वस्त्यांतून सामुदायिक खतपेट्या उभारल्या गेल्या. या पेट्यांच्या बाजूंना फटी असतात. आत शेण, वाळलेली पाने व ओला कचरा यांचे थर एकावर एक घालतात. हवा खेळती राहिल्याने येथे काम करणारे जंतू निराळ्या जातीचे, हवेत वाढणारे असतात. त्यामुळे मिथेन फारसा होत नाही, उष्णता मात्र पुष्कळ वाढते. पानांनी ओल शोषली जाते, म्हणून तळाशी पाणीही थोडेच साचते. अशा पेटीस दूरचे गाव शोधावे लागत नाही; निर्माण होणाऱ्या कचऱ्याजवळच ती ठेवता येते. तीही नीट राखली नाही, तर शेजारी हरकत घेणारच, आणि ती घेण्याचा त्यांना अधिकार आहे.

राहता राहिला सुका कचरा. तो कुजत नाही, म्हणून त्यातून घाण पाणी झिरपत नाही. तो निवडून ठेवण्यासाठी छप्पर असलेले कोठार पुरते. मात्र तेथे आगीचे भय असते. कोची शहराचा कचरा जेथे साठविला जाई, ते ब्रह्मपुरमही दुसऱ्या पंचायतीच्या हद्दीत आहे. मार्च २०२३ मध्ये तेथील प्लॅस्टिकमिश्रित ढिगांना आग लागली. ती विझविण्यास १० दिवसांहून अधिक काळ लागला आणि त्या धुराने खुद्द कोची शहर झाकोळून गेले.