चढणीच्या शेवटी दरी

फिनिक्सहून गाडी उत्तरेकडे निघाली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सवारो निवडुंग दिसतात, हात वर करून उभे असलेले, माणसाच्या कितीतरी पट उंच. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम 330 मीटरवर आहे. मग हायवे चढू लागतो. निवडुंग विरळ होत संपतात, गवताळ माळ येतो, बुटके जुनिपर येतात आणि फ्लॅगस्टाफला पोहोचेपर्यंत सगळीकडे पॉन्डेरोसा पाइनचं उंच जंगल झालेलं असतं. मागच्या सीटवरची मुलं खिडकीच्या काचा खाली करतात. हवा गार, उंची 2100 मीटर. 1889 साली सी. हार्ट मेरियम या निसर्गशास्त्रज्ञाने याच मुलखात फिरून दाखवून दिलं होतं की इथला डोंगर चढताना झाडं-प्राणी जसे बदलतात, तसे सपाटीवर बदलायला मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत जावं लागेल. आपली गाडी हा प्रवास एका सकाळीत करते.

मला तर वाटतं, ग्रँड कॅन्यन समजून घ्यायला इथूनच सुरुवात करावी, कारण ही चढणच त्या दरीचं कारण आहे.

फ्लॅगस्टाफनंतरचा दीड तास तसा साधा. सपाट पठार, जंगल, मधूनच एखादं एल्क हरीण. पुढे दरी आहे याचा मागमूसही नसतो. गाडी लावून झाडांमधून थोडं चालायचं, आणि जमीन संपते. 446 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 29 किलोमीटर रुंद, सर्वांत खोल जागी 1800 मीटरहून जास्त. हे आकडे पाठ करून गेलं तरी डोळ्यांना अंदाज येत नाही. जिथे नदी दिसते तिथे ती बारीक रेघ वाटते, आणि ती रेघ साधारण 90 मीटर रुंद असते. लहान मुलं हमखास विचारतात, एवढ्याशा नदीने एवढं सगळं कोरलं? प्रश्न अगदी बरोबर आहे.

कोरायला नदीला उतार लागतो, आणि तो उतार तिला या पठाराने दिला. सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीपासून पॅसिफिकखालचा भूपट्ट उत्तर अमेरिकेखाली शिरत होता. त्या रेट्यात हा सबंध प्रदेश वर उचलला गेला, आणि नवल असं की उचलला जाताना तो फारसा चुरगळला नाही. थर जवळपास आडवेच राहिले. पुढे, 50 ते 60 लाख वर्षांपूर्वी, कोलोरॅडो नदीला कॅलिफोर्नियाच्या आखाताची वाट मिळाली. इतक्या उंचावरून समुद्राकडे धावणारं पाणी, त्यात वाळू आणि धोंडे. ते खाली कापत गेलं. दरीचे काही भाग त्याआधीच कोरले गेले होते का, यावर भूशास्त्रज्ञ अजून हिरिरीने वाद घालतात.

नदीने खोली दिली, रुंदी मात्र पावसाने, हिमाने आणि कोसळणाऱ्या दरडींनी दिली. कठीण चुनखडक आणि वालुकाश्म यांचे उभे कडे झाले, मऊ शेलचे उतार. म्हणून दरीच्या भिंतींना पायऱ्या दिसतात. पठार दक्षिणेकडे किंचित कललेलं आहे. उत्तरेच्या कड्यावर पडलेलं पाणी दरीत उतरतं, दक्षिणेचं दरीपासून दूर वाहून जातं. त्यामुळे उत्तरेची बाजू जास्त झिजली, आणि नदी दक्षिण कड्याच्या बरीच जवळ राहिली. समोरचा कडा सरळ रेषेत 16 किलोमीटरवर आहे, पण गाडीने तिथे जायला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वळसा पडतो. खारींना तर तो वळसाही नाही. उत्तरेला पांढऱ्या शेपटीची, काळ्या पोटाची कैबाब खार, दक्षिणेला तिची नातलग अबर्ट खार.

साउथ रिमवर कड्याकडेने एक पायवाट आखली आहे, ट्रेल ऑफ टाइम. एक मीटर म्हणजे 10 लाख वर्षं. आजी-आजोबांनाही जमेल अशी ही सपाट वाट आहे, आणि तिच्यावर दरीतले खडक मांडून ठेवले आहेत, हात लावून पाहण्यासाठी. पाच-सहा पावलांत नदीचं काम सुरू झाल्याचा काळ येतो. सहासष्टाव्या मीटरवर मराठी माणसाने जरूर थांबावं. या काळात तिकडे आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता. त्यातला बहुतेक लाव्हा सुमारे 10 लाख वर्षांत ओतला गेला, म्हणजे राजगडापासून महाबळेश्वरापर्यंतचा काळा पाषाण या वाटेवर जेमतेम एक पाऊल. आणि दरीतल्या आडव्या थरांपैकी सर्वांत वरच्या, सर्वांत तरुण थराला अजून दोनशे मीटर चालायचं आहे!

तो थर कैबाब चुनखडकाचा, 27 कोटी वर्षांपूर्वीचा. आपण 2100 मीटर उंचीवर ज्यावर उभे असतो त्या खडकात स्पंज आणि शिंपलेधारी समुद्री जिवांचे जीवाश्म सापडतात. खाली कोकोनिनोचा फिकट वालुकाश्म, मूळचं वाळवंट, वाळूच्या टेकड्यांवरून चाललेल्या प्राण्यांच्या पावलांसकट. त्याहून खाली रेडवॉल, सुमारे 34 कोटी वर्षांचा. नाव रेडवॉल असलं तरी हा चुनखडक आतून करडा आहे. वरच्या थरांतलं लोह पावसाबरोबर ओघळून त्याला लाल रंग चढला आहे. आणखी खाली ट्रायलोबाइटचे समुद्र. आणि साधारण 50 कोटींच्या जरा पलीकडे टॅपीट्स वालुकाश्माची तळरेघ.

त्या रेघेखाली दरीच्या मोठ्या भागात थेट 175 कोटी वर्षांचा विष्णू शिस्ट लागतो. मधली 120 कोटी वर्षं नाहीत. ज्या खडकांत ती होती ते झिजून वाहून गेले, मग त्या झिजलेल्या भुईवर समुद्राने वाळू पसरली. दरीत उतरलेला माणूस या सांध्यावर तळहात टेकवू शकतो. अख्ख्या दरीत मला सर्वांत थक्क करणारी जागा हीच वाटते. एक हात गमावलेल्या जॉन वेस्ली पॉवेलने 1869 साली लाकडी होड्यांतून या नदीतून दरीचा प्रवास केला, तेव्हा त्यानेही ही विसंगती टिपली होती.

विष्णूचं नाव इथे आलं ते क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञामुळे. 1882 च्या आपल्या ग्रंथात त्याने दरीतल्या शिखरांना विष्णू टेंपल, शिवाज टेंपल अशी नावं दिली. पुढे खालच्या खडकांनाही विष्णू, ब्रह्मा, रामा ही नावं मिळाली. नकाशावर ती वाचताना आनंद होतो, हे खरं. पण त्याच दरीत हवासुपाई लोक शतकानुशतकं राहत आले, आजही राहतात. त्यांच्या सुपाई गावाची टपाल खेचरांवरून उतरते. या जागांना त्यांची स्वतःची नावं होती, आणि ती नकाशावर असायला हवी होती.

वेळ असेल तर इथून परत फिरू नये. वळसा घालून युटाकडे, झायन आणि ब्राइस कॅन्यनला जावं. ग्रँड कॅन्यनमध्ये सर्वांत वर असलेला कैबाब थर झायनमध्ये सर्वांत खाली आहे. झायनचे वरचे थर ब्राइसच्या तळाशी आहेत. दक्षिणेत जे झिजून गेलं ते उत्तरेत शिल्लक आहे, म्हणजे रस्ता पुढे सरकतो तसा काळही आपल्याकडे सरकतो. झायनमध्ये डायनोसॉरच्या काळातल्या वाळवंटाचे कडे आहेत, ब्राइसमध्ये सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीच्या सरोवरांच्या गाळाचे गुलाबी सुळके. या जिन्यात सह्याद्रीचा बेसॉल्ट कुठे बसला असता असं मुलांनी विचारलं, तर त्या गुलाबी खडकाच्या जरा खाली बोट ठेवावं.