मेळघाटची कौटुंबिक सहल : मुक्काम कुठे करावा?

दिवाळी किंवा नाताळच्या सुट्टीत गोव्याबाहेरचे जंगल पाहण्याचा विचार अनेक गोमंतकीय कुटुंबांत होतो. मोले आणि बोंडला पाहून झालेल्या मुलांना आता वाघाच्या जंगलाची ओढ असते. अलीकडे त्यात कॅरॅव्हॅनची, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेल्या वाहनाची भर पडली आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, मध्य प्रदेशच्या पर्यटन महामंडळाने त्याआधीच अशी वाहने पर्यटकांसाठी उपलब्ध केली होती. मात्र वाहनात झोपायची सोय असली, तरी वाहन रात्री उभे कुठे करायचे, हा प्रश्न उरतोच. लहान मुले आणि वृद्ध सोबत असतील, तर सहलीचे यश याच निर्णयावर ठरते. मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरमार्गे मेळघाटला जाणाऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न तपासून पाहण्यासारखा आहे.

बुऱ्हाणपूरच का?

तापीकाठचे बुऱ्हाणपूर भुसावळ ते खंडवा या लोहमार्गावर आहे. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस मनमाड, भुसावळमार्गे उत्तरेकडे जाते, त्यामुळे भुसावळपर्यंत रेल्वेने येऊन पुढे वाहन घेणे शक्य आहे. शहरातून खकनार, देढतलाईमार्गे धारणीला रस्ता जातो. धारणी हे अमरावती जिल्ह्यातील तालुक्याचे गाव म्हणजे मेळघाटचे उत्तरेकडील प्रवेशद्वारच. तेथून हा रस्ता हरिसाल, सेमाडोहवरून परतवाड्याला उतरतो.

मेळघाट हा १९७४ पासूनचा, देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९८७ मध्ये त्यातील सुमारे ३६१ चौरस किलोमीटर क्षेत्र गुगामल राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. सातपुड्याच्या या रांगांत सागाचे दाट जंगल आहे. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्या येथूनच तापीला मिळतात. कोरकू समाजाची वस्ती या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

जंगलाच्या आत तळ ठोकता येत नाही

परदेशांतील चित्रफिती पाहून अनेकांची समजूत होते की झाडाखाली वाहन उभे केले, खुर्च्या मांडल्या आणि शेकोटी पेटवली की झाले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात पर्यटनासाठी जाण्यास परवानगी लागते, आणि जंगलाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे हा गुन्हा आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याची मुभा म्हणजे वाटेत मुक्कामाची मुभा नव्हे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात नव्या पर्यटन सुविधा उभारता येत नाहीत. त्यामुळे मुक्कामासाठी वनविभागाची जुनी निवासस्थाने किंवा जंगलाबाहेरची गावे, एवढेच पर्याय राहतात.

चार ठिकाणे, चार स्वभाव

सेमाडोह सिपना नदीकाठी आहे. येथे वनविभागाचे पर्यटक संकुल आणि जंगलाची ओळख करून देणारे केंद्र आहे. शाळकरी मुलांसाठी ही जागा उत्तम, कारण सफारी नसलेल्या वेळीही पाहण्याजोगे काही असते. निवास साधे आहे, हॉटेलची अपेक्षा ठेवू नये.

कोलकास येथील विश्रामगृहातून सिपनेचे वळण दिसते. शांतता हवी असलेल्यांना ही जागा आवडते. मात्र खोल्या मोजक्या असल्याने आरक्षणाशिवाय तेथे जाणे व्यर्थ.

चिखलदरा हे विदर्भातील थंड हवेचे ठिकाण सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. हॉटेले, जेवणाची सोय, गाविलगड किल्ला आणि भीमकुंड यांमुळे वृद्धांसह जाणाऱ्या कुटुंबाला हे सर्वांत सोयीचे. हिवाळ्यात येथे रात्री कडाक्याची थंडी पडते, गोव्याच्या हवेची सवय असलेल्यांनी गरम कपडे विसरू नयेत. घाटरस्ता वळणांचा असल्याने मोठे वाहन वर नेण्यापूर्वी चालकाचा अनुभव पाहावा.

चौथा पर्याय खुद्द बुऱ्हाणपूर. जिल्ह्याचे ठिकाण असल्याने रुग्णालय, बाजार, इंधन आणि वाहनदुरुस्ती येथे मिळते. एक दिवस शाही किल्ला, जामा मशीद आणि १६१५ च्या सुमारास बांधलेली कुंडी भंडारा ही भूमिगत जलव्यवस्था पाहण्यात सहज जातो. अशीरगड सुमारे २० किलोमीटरवर आहे. येथील मावा जिलेबी मुलांच्या विशेष लक्षात राहते. पण जंगल येथून दूर असल्याने पहाटेच्या सफारीसाठी बुऱ्हाणपूरचा मुक्काम उपयोगाचा नाही.

निवड करताना काय विचारावे?

पहिला प्रश्न वैद्यकीय सोयीचा. सेमाडोह आणि कोलकास येथून मोठे रुग्णालय जवळ नाही. उपजिल्हा रुग्णालये धारणी आणि अचलपूर येथे आहेत, आणि मधला रस्ता जंगलाचा व घाटाचा आहे. घरात दम्याचे किंवा हृदयविकाराचे रुग्ण असतील अथवा मूल अगदी तान्हे असेल, तर जंगलातील मुक्काम टाळून दिवसा जाऊन येणेच शहाणपणाचे.

दुसरा प्रश्न झोपण्याच्या जागेचा. मण्यार हा विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना त्याच्या दंशाचा धोका अधिक असतो. म्हणून खोलीत खाटा आहेत का, दारे नीट बंद होतात का, हे आधीच विचारावे. मच्छरदाणी सोबत न्यावी. सकाळी बूट झटकून घालावेत. रात्री शौचालय निवासाबाहेर असेल, तर मुलांना एकटे पाठवू नये.

तिसरा प्रश्न पाण्याचा आणि सांडपाण्याचा. कॅरॅव्हॅनची टाकी भरण्याची, वीजजोडणीची आणि मैल्याची टाकी रिकामी करण्याची सोय मुक्कामाच्या जागी आहे का, याचे स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय आरक्षण करू नये. ही टाकी ओढ्यात सोडणे म्हणजे खालच्या गावांचे आणि प्राण्यांचे पाणी दूषित करणे होय. रात्रभर जनित्र चालवणेही जंगलाशेजारी शोभत नाही. यांपैकी एकही सोय नसेल, तर वाहन बुऱ्हाणपूर किंवा परतवाड्याच्या हॉटेलच्या आवारात परवानगीने ठेवून साध्या मोटारीने पुढे जावे. भाड्याच्या वाहनाकडे अखिल भारतीय पर्यटक परवाना असल्याची खात्री करावी, कारण या प्रवासात राज्यांच्या सीमा वारंवार ओलांडाव्या लागतात.

चौथा प्रश्न वेळेचा. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील सफारी बंद असतात. एप्रिल, मे महिन्यांत पाणवठ्यांवर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते, पण बुऱ्हाणपूर परिसरातील पारा चाळिशी ओलांडतो. लहान मुलांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ सुसह्य. सफारी आणि वनविभागाचे निवास यांचे आरक्षण अधिकृत व्यवस्थेतूनच करावे. जंगलात मोबाइलचे जाळे अनेक ठिकाणी तुटते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा, थोडी रोकड जवळ ठेवावी आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा.

एक व्यवहार्य आखणी

पहिली रात्र बुऱ्हाणपूरला, दुसरी सेमाडोहला आणि तिसरी चिखलदऱ्याला, असा क्रम बहुतेक कुटुंबांना झेपणारा आहे. प्रवासाचा शीण शहरात उतरतो, जंगलात एकच रात्र काढावी लागते आणि शेवटचा दिवस वृद्धांच्या विश्रांतीला मिळतो. मेळघाटात वाघ दिसेलच याची हमी नाही, जंगल दाट आणि डोंगराळ आहे. म्हणूनच वाघाच्या किती जवळ राहता येईल, यापेक्षा घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध माणसाला रात्री निर्धास्त झोप कुठे लागेल, या कसोटीवर मुक्काम निवडणे योग्य. ती झोप मिळाली, तर नुसत्या पाऊलखुणा पाहूनही मुले आनंदाने घरी परततील.