बामणोली: जिथे बोटीचा थांबा पाणी ठरवतं

साताऱ्याहून कासच्या पठारावरून 35-40 किलोमीटर गेलं की घाट उतरून आपण थेट पाण्याला भिडतो. जावळी तालुक्यातलं हे बामणोली, समोर कोयनेचा शिवसागर जलाशय. 1960च्या दशकात धरण झालं आणि पाणी पार तापोळ्यापर्यंत चढलं. नदीकाठची गावं, शेतं, वाटा बुडाल्या. काही कुटुंबं रायगड, सोलापूर, सांगलीकडे गेली. काही डोंगरउतारावर वर सरकली. त्यांच्यासाठी लाँच हीच एसटी झाली. बाजारहाट, तांदळाचं पोतं, आजारी माणूस, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिच्यातून. गाड्यांसाठी तराफा.

लाँचची ठेवणही याच कामाला साजेशी. डोक्यावर छत, दोन्ही कडांना बाकं, मध्ये सामानाला मोकळी जागा. पंखा आणि सुकाणू मागे, पाण्याखाली. त्यांना खोली लागते. म्हणून बोटवाला नाळ काठाच्या मातीत टेकवतो आणि माणसं पुढूनच चढतात. चढताच हाळी येते, "एका अंगाला बसू नका, मधे सरका!" पक्क्या धक्क्याचा इथे फारसा उपयोग नाही. वीजनिर्मितीसाठी पाणी सुटत जातं, तसा काठ खाली खाली जातो. दिवाळीत गावाला लागून उभी राहणारी लाँच गाठायला मे महिन्यात भेगाळलेल्या गाळातून बरंच उतरावं लागतं.

पर्यटक येतात ते मुख्यतः वासोटा किल्ल्यासाठी. वनखात्याची परवानगी घेऊन लाँचने दीडेक तासात मेट इंदवलीला उतरायचं, तिथून दाट जंगलातली चढण. किल्ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. मुक्कामाला मनाई असल्याने दिवस मावळायच्या आत परतावं लागतं. पावसाळ्यात ही वाट बंद.

जलाशयावर आता पूल होऊ घातले आहेत. ते झाले की पलीकडच्या गावांची अडचण सरेल आणि लाँच बरीचशी पर्यटकांपुरती उरेल. पाण्याच्या पातळीवरची नजर मात्र हटणार नाही, बामणोलीतही आणि सांगलीतही. कोयना कराडला कृष्णेला मिळते, आणि धरणाचे दरवाजे उचलल्याची बातमी आली की सांगलीकर पाणी पाहायला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे धाव घेतात. तिथे 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019च्या महापुरात पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं आणि सांगलीच्या पेठांतून बोटी फिरल्या.