फडावर परत आलेल्या विठाबाई

सोमेश्वरनगरच्या टापूत ऊस आणि तमाशा यांचे वेळापत्रक जवळजवळ एकच. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा बॉयलर पेटतो, तेव्हाच तमाशाचे फडही बाहेर पडतात. चैत्रात गाळप आटोपत येते आणि गावोगावच्या यात्रा सुरू होतात. सुपारी द्यायला यात्रा कमिट्या नारायणगाव गाठतात. तिथे फडांच्या राहुट्या ओळीने लागलेल्या असतात, प्रत्येकीवर फलक. त्यावर पुष्कळदा नाव बाईचे असते, कारण तंबू भरतो तो नावावर.

त्या नावांतले सर्वांत मोठे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म 1935 चा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड गाजलेला होता. विठाबाई त्यातच वाढल्या. 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना गौरवण्यात आले.

मात्र लोकांच्या तोंडी पदकांपेक्षा एक रात्र जास्त आहे. दिवस भरलेल्या विठाबाई फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. सपाट झालेले पोट पाहून प्रेक्षकांना काय घडले ते कळले, असे सांगतात.

अशीच कथा बालगंधर्वांची. 12 मार्च 1911 रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली. तरीही त्यांनी नाटकाची नायिका भामिनी उभी केली. एक संगीत रंगभूमीचे, दुसऱ्या तमाशाच्या. दोघांचे प्रेक्षक एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. आठवण मात्र दोन्हीकडच्या प्रेक्षकांनी एकाच प्रकारची जपली.

युरोपातल्या ऑपेराची दंतकथा नेमकी उलटी आहे. 2 जानेवारी 1958 रोजी रोममध्ये मारिया कॅलास 'नॉर्मा' गात होत्या. प्रेक्षकांत खुद्द इटलीचे राष्ट्रपती होते. आवाज साथ देईना, म्हणून पहिल्या अंकानंतर त्या परतल्याच नाहीत. केवढा गहजब झाला! तरी निघून जाणे हाही तिथे गायिकेच्या दबदब्याचा भाग ठरला. आपल्याकडे मोठी ती, जी परत आली.

या कौतुकात प्रेक्षकाचा हक्क लपलेला आहे. दौलतजादा पाहा. प्रेक्षकातला हात नोट धरून वर होतो, रंगात आलेली लावणी मध्येच थांबते, देणाऱ्याचे नाव आणि फर्माईश पुकारली जाते, मग ढोलकी पुन्हा उचलते. बाई कितीही नावाजलेली असो, गाणे थांबवायची मुभा दहा रुपयेवाल्यालाही. बाळंतिणीला कुणी घरी का पाठवले नाही, हा प्रश्न या कथेत सहसा येत नाही. तो आला पाहिजे. फडमालक उचल काढून हंगाम उभा करतो. एक खेळ बुडाला तर सगळ्या कलावंतांच्या पोटावर येते. विठाबाईंचे परतणे जिद्दीचे होतेच, आणि नाइलाजाचेही असणार.

अखेरची वर्षे त्यांनी हलाखीत काढली. 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या. पुढे राज्य शासनाने तमाशा कलावंतांसाठी त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तो मिळालेल्यांत त्यांच्या कन्या मंगला बनसोडे आहेत. त्यांनीही स्वतःच्या नावाचा फड चालवला.