आयनीभवन-ऊर्जेचे आकडे आणि योगायोग

अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास जी किमान ऊर्जा द्यावी लागते, तीस आयनीभवन-ऊर्जा म्हणतात. हायड्रोजनाच्या नीचतम अवस्थेत ती १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. पुंजयामिकीनुसार या अवस्थेखाली इलेक्ट्रॉनास उतरता येत नाही.

अमेरिकेतील रँडेल मिल्स यांनी १९९१ साली याच्या विरुद्ध प्रतिपादन केले. इलेक्ट्रॉन त्याहूनही खाली उतरतो, ‘हायड्रिनो’ नामक अणू बनतो आणि विपुल ऊर्जा मिळते, असे ते म्हणतात. मात्र या अवरोहणासाठी शेजारच्या द्रव्याने २७.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याच्या पूर्ण पटीइतकी ऊर्जा शोषून घ्यावी लागते. पोटॅशियमचे पहिले तीन इलेक्ट्रॉन काढण्यास अनुक्रमे ४.३४, ३१.६३ आणि ४५.८१ लागतात. बेरीज ८१.७८, आणि २७.२ ची तिप्पट ८१.६! दोन पोटॅशियम आयनांच्या बाबतीत मात्र बेरीज न करता वजाबाकी केली जाते: ३१.६३ मधून ४.३४ वजा जाता २७.२९ उरतात.

हे साम्य कितपत बोलके आहे? ०.२ इतका फरक दोन्ही बाजूंनी क्षम्य मानल्यास, कोणतीही यदृच्छ संख्या २७.२ च्या पटीजवळ पडण्याचा संभव सुमारे ६८ त एक होतो. नव्वद मूलद्रव्ये घेऊन प्रत्येकाचे दोन ते सहा इलेक्ट्रॉन काढण्याच्या बेरजा मांडल्या, तर त्या चारशेहून अधिक भरतात. अर्थात पाच-सहा ‘जुळण्या’ निव्वळ योगायोगानेच मिळणार. वजाबाकीचीही मुभा घेतल्यास ही संख्या आणखी वाढते.

भाषाशास्त्रास हा धोका परिचित आहे. इंग्रजी ‘बॅड’ आणि मराठीत ‘बदनाम’ या शब्दातून आलेला फारसी ‘बद’ यांत ध्वनी व अर्थ दोन्ही जुळतात; तथापि त्यांचे मूळ एक नाही. म्हणून एखादे साम्य पुढे आले, की किती जोड्या तपासून ते निवडले, हे आधी विचारावे लागते.

शिवाय मूळ उपपत्तीचीही परीक्षा झालेली आहे. आंद्रेआस राटके यांनी २००५ साली ‘न्यू जर्नल ऑफ फिजिक्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की मिल्स यांच्या समीकरणांतून हायड्रिनो निष्पन्नच होत नाही. इतकेच नव्हे, तर हायड्रोजनाच्या ज्ञात उत्तेजित अवस्थांच्या ऊर्जाही त्यांतून बरोबर मिळत नाहीत.

स्वस्त व अक्षय ऊर्जेच्या आशेवर अशा प्रकल्पांत भांडवल गुंतते. तेव्हा जुळलेला आकडा पुढे ठेवला जाताच, न जुळलेले आकडे किती होते, ही पृच्छा करणे गुंतवणूकदाराचे आणि अभ्यासकाचे सारखेच कर्तव्य ठरते.