सामाईक फोल्डर : प्रवेश कोणास व किती?

दप्तराच्या कपाटाची किल्ली कोणापाशी आहे, हे सांगावयास मुख्याध्यापकांस विचार करावा लागत नाही. परंतु त्याच शाळेचे गूगल ड्राइव्हवरील फोल्डर आज कोणकोण उघडू शकतात, असे विचारले असता बहुधा उत्तर मिळत नाही. वास्तविक त्या फोल्डरात मुलांची जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बँक खाते आणि पालकांचे मोबाइल क्रमांक एकत्र असतात.

ड्राइव्हवर प्रवेश तीन प्रकारे देता येतो : केवळ वाचण्याचा, वाचून शेरा लिहिण्याचा आणि मजकूर बदलण्याचा. केंद्रप्रमुखांस माहिती पाहावयाची असेल, तर पहिला पुरेसा होय. दुरुस्ती सुचवावयाची असेल, तर दुसरा. तिसरा प्रवेश ज्याने प्रत्यक्ष माहिती भरावयाची त्यासच द्यावा. कारण मालकाने सेटिंगमध्ये मनाई केली नसल्यास, असा मनुष्य आणखी कोणासही आत घेऊ शकतो.

फोल्डरास दिलेला प्रवेश आतील प्रत्येक फाईलला आपोआप लागू होतो, मागाहून ठेवलेल्या फाईललासुद्धा. समजा, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांस सहलीची छायाचित्रे दाखविण्यासाठी एक फोल्डर खुले केले, आणि पुढे कोणी शिष्यवृत्तीची यादी त्यातच टाकली. ती यादी त्या क्षणापासून सर्व सदस्यांस दिसू लागते. कोणी मुद्दाम काही केलेले नसते. म्हणून मुलांच्या खाजगी माहितीचे फोल्डर अगदी निराळे असावे; दुसऱ्या खुल्या फोल्डरच्या पोटात ते ठेवू नये.

सर्वांत मोठी चूक मात्र घाईत होते. सायंकाळपर्यंत माहिती भरून द्यावी, असा निरोप येतो. मग ‘लिंक असलेल्या कोणासही’ संपादन करता येईल असा पर्याय निवडून लिंक व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली जाते. काम तासाभरात उरकते खरे! पण तीच लिंक दुसऱ्या गटावर गेली की तेथेही चालते, आणि गट सोडून गेलेल्यांच्या हातीही राहते. खात्यात प्रवेश न करता फाईल उघडणाऱ्याचे नाव दिसत नाही. त्याजागी एखाद्या निनावी प्राण्याचे चित्र दिसते. मग इयत्ता चौथीच्या यादीतील एक ओळ कोणी पुसली, हे कसे कळावे? फाईलच्या आवृत्ती इतिहासातून जुना मजकूर परत आणता येतो. तथापि, तोवर ती यादी पुढे गेली असेल, तर ज्या मुलाची ओळ गेली त्याची शिष्यवृत्ती अडण्याचा संभव असतो. यास्तव लिंकचा पर्याय बंद ठेवून प्रत्येकास त्याच्या ईमेल पत्त्यावरच प्रवेश द्यावा. यास दहा मिनिटे अधिक लागतील, ती लागू द्यावीत. एकाच तक्त्यात अनेक वर्ग असतील, तर प्रत्येक वर्गाचे पान त्या त्या वर्गशिक्षकापुरते संरक्षित करता येते.

बदलीच्या वेळी निराळीच अडचण उभी राहते. सामान्य वैयक्तिक खात्यात तयार केलेले फोल्डर शाळेचे नसते. ज्याच्या खात्यातून ते झाले, त्याचे असते. मालकाने मालकी देऊ केल्याशिवाय व दुसऱ्याने ती स्वीकारल्याशिवाय ती बदलत नाही. शिवाय फोल्डरची मालकी दिली, तरी आतील फाईली त्याबरोबर जात नाहीत. त्या स्वतंत्रपणे द्याव्या लागतात. २ वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल मजकुरासह काढून टाकू शकते, हे निवृत्त होणाऱ्या शिक्षकांच्या बाबतीत विशेष लक्षात घ्यावे.

शाळेच्या नावाचे एक खाते मुख्याध्यापकांच्या ताब्यात असावे व महत्त्वाच्या याद्या त्यातूनच तयार व्हाव्यात. चार्ज देताघेताना कपाटाच्या किल्ल्यांखाली या खात्याचीही नोंद करावी, त्याच दिवशी पासवर्ड बदलावा, आणि प्रवेशाची यादी उघडून गेलेल्यांची नावे काढून टाकावीत.