निळ्या बालकांना जीवदान देणाऱ्या डॉ. हेलन टॉसिग

चार पावले चालताच धाप लागून उकिडवे बसणारे, रडताना ओठ व नखे निळी पडणारे मूल आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. अशा मुलास पूर्वी अल्पायुषी समजून दैवावर सोडले जाई. ही समजूत दूर करणाऱ्यांत अमेरिकेतील बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

१८९८ साली जन्मलेल्या हेलन यांना लहानपणी वाचताना अक्षरे नीट उलगडत नसत. अकराव्या वर्षी मातृछत्र हरपले. हार्वर्ड विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना वैद्यकीय पदवी देत नसे. म्हणून त्यांनी बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदवी १९२७ मध्ये संपादन केली. १९३० मध्ये तेथील बालहृदयरोग चिकित्सालय त्यांच्याकडे सोपविण्यात आले. पुढे श्रवणशक्ती क्षीण झाल्यावर हृदयाची स्पंदने त्या बोटांनी जाणून घेत.

निळेपणाचे एक प्रमुख कारण म्हणजे हृदयातील चार दोषांची जन्मजात विकृती. फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद असतो, हृदयाच्या पडद्यास छिद्र असते, मुख्य धमनी त्या छिद्रावर सरकलेली असते आणि उजवा कप्पा जाड झालेला असतो. त्यामुळे प्राणवायू न मिळालेले रक्त परस्पर शरीरात जाते. उकिडवे बसल्याने पायांतील रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. म्हणूनच मूल आपोआप तसे बसते.

गर्भावस्थेत मुख्य धमनी व फुप्फुसधमनी यांना जोडणारी एक नलिका असते व ती जन्मानंतर मिटते. ती उघडी असेतो अशी बालके बरी असतात आणि मिटताच अधिक निळी पडतात, हे टॉसिग यांनी हेरले. मग तशी वाट शस्त्रक्रियेने का करू नये? हा प्रश्न त्यांनी शल्यविशारद डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढे मांडला. ब्लेलॉक यांचे कृष्णवर्णीय साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती पद्धत सिद्ध केली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका बालिकेवर पहिली शस्त्रक्रिया झाली. ती बालिका पुढे काही महिन्यांनी दगावली. परंतु मार्ग खुला झाला. थॉमस यांना मात्र विद्यापीठाची सन्माननीय पदवी मिळण्यास १९७६ साल उजाडावे लागले.

१९६२ मध्ये टॉसिग यांनी जर्मनीस जाऊन थॅलिडोमाइड औषधामुळे अर्भकांत आलेल्या व्यंगांची पाहणी केली व आपल्या देशास सावध केले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. आता हृदय उघडून हे दोष बहुधा समूळ दुरुस्त करता येतात.

परंतु दोष वेळीच ओळखला गेला, तरच या प्रगतीचा लाभ मिळतो. दूध पिताना दमणारे व घामेजणारे, वजन न वाढणारे किंवा निळसर दिसणारे बालक त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व शासकीय शाळांतील मुलांच्या तपासणीत जन्मजात हृदयदोषांचाही समावेश आहे. खेळताना वारंवार खाली बसणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी आळशी ठरवू नये. त्याची नखे पाहावीत व पालकांस कळवावे. गर्भारपणाच्या आरंभी रुबेला झाल्यास अर्भकाच्या हृदयात दोष उद्भवू शकतो. म्हणून मुलामुलींना गोवर-रुबेलाची लस वेळेवर टोचून घ्यावी. निळेपणा हा दैवाचा लेख नव्हे. तो उपचारसाध्य विकार आहे.